इंटरवलच्या आधी गेलेले भाऊ

आमच्या शेजारचे भाऊ मरण्यात पटाईत होते. हे मी कौतुकाने लिहितेय, टोमणा म्हणून नव्हे. हिंदीतल्या स्वस्तातल्या भुताच्या सिनेमांत जो माणूस सगळ्यांच्या आधी मरतो, म्हणजे बंगल्याचा चौकीदार, कंदील घेऊन तळघरात उतरणारा नोकर, "त्या खोलीत जाऊ नका" असं पाहुण्यांना बजावून स्वतःच त्या खोलीत शिरणारा म्हातारा, ते सगळे आमचे भाऊ. इंटरवलपर्यंत ते एकाही सिनेमात टिकले नाहीत. आणि आपण मेलो की थिएटरातून उठून बाहेर यायची त्यांची पद्धत होती, त्यामुळे स्वतःच्या एकाही सिनेमाचा शेवट त्यांना माहीत नव्हता. कुणी विचारलं तर म्हणत, "फुडं काय झालं ता मला नाय म्हायत. मी तेवा नव्हतो."

हे भाऊ खरेच गेले तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं राहिलं होतं. ज्या बाईशी राहिलं होतं ती त्यांची चाळीसेक वर्षांची बायको. वाचणाऱ्याला वाटेल, शाळेतल्या ह्या बाई निवृत्त झाल्या आणि भ्रमिष्ट झाल्या. तर हे कसं झालं ते नीट सांगते.

रत्नागिरीहून जयगडकडे जाताना मधेच एका तिठ्यावर उतरलं की आमचं गाव. मी इथे शाळेत शिकवायला आले आणि इथलीच झाले. गावातले बापये नोकरीला मुंबईला जातात, भाऊ मरायला जायचे. गणपती आणि शिमगा एवढे दोन सण घरी. बाकी वर्षभर त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकट्या, घर, म्हैस आणि आंब्याची चार कलमं सांभाळून. मूलबाळ नव्हतं.

भाऊंच्या सिनेमांची नावं लक्षात ठेवायला सोपी होती. घराचा एखादा भाग घ्यायचा आणि त्याला 'खूनी' जोडायचं. एकदा तर 'खूनी गच्ची' निघाला. त्यात ते पाण्याच्या टाकीत मेले. तिथे त्यांना सर्दी झाली ती गणपतीपर्यंत गेली नाही. पण त्या मरणाचा त्यांना फार अभिमान. माझ्या अंगणात बसून ते मला समजावून सांगत, "बाई, थोबाडानं कोनबी मरंल. मरताना पाय बोलाय पायजेत." त्यालाही कारण होतं. कॅमेरा राक्षसाच्या तोंडावर जायचा, आणि भाऊंचे फक्त फरपटत जाणारे पाय दिसायचे. त्या पायांत त्यांनी आपली सगळी कला ओतली होती. आधी झटापट, मग विनवणी, मग निरोप, आणि शेवटी उजव्या पायाचा अंगठा ताठ वर. ती त्यांची सही होती.

सुट्टीवर आले तरी सराव चालू असे. आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याला टेकून, विहिरीच्या काठावर, भाताच्या उडवीवर, कुठेही मरून पडलेले दिसायचे. नवा पोस्टमन एकदा त्यांना पाहून सायकल टाकून पळाला. मासेवाली मात्र सरळ ओलांडून जायची. "भाऊ, आज मेलाव तर बांगडं कोन घेनार," एवढं विचारायची. भाऊ डोळे न उघडता म्हणायचे, "वयनीला ईचार."

आणि रक्त. ह्या सिनेमांत पटकथेपेक्षा रक्त जास्त लागतं. मुंबईत ते साखरेच्या पाकात रंग कालवून करत, त्याला मुंग्या लागत. मेलेल्या माणसाला मुंग्या चावल्या तर त्याने काय करायचं, हा प्रश्न भाऊंनी वहिनींच्या आगळाने सोडवला. कोकमाचं घट्ट आगळ. रंग पक्का, मुंगी फिरकत नाही, आणि तोंडात धरलं तर चवीला उत्तम. दर शिमग्याला ते बाटल्या भरून न्यायचे. वहिनींना इतकंच माहीत की मुंबईत त्यांच्या आगळाला फार मागणी आहे. मुंबईकरांना सोलकढी एवढी आवडते याचं त्यांना नवल वाटायचं. पुढे खरं कळलं तेव्हा त्या दोन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी विचारलं, "रगात म्हनून दिसतो तरी काय चांगला?" भाऊ म्हणाले, फार चांगला. तेव्हा कुठे राग गेला.

एका वर्षी मी त्यांना शाळेच्या संमेलनाचं नाटक बसवायला सांगितलं. विषय झाडं वाचवा. भाऊंनी मुलांना झाडासारखं उभं राहायला शिकवलं नाही, तोडल्यावर पडायला शिकवलं. प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडला आणि पहिल्याच कुऱ्हाडीला सगळं जंगल कोसळलं. पाठोपाठ लाकूडतोड्याही मेला, कारण त्याला एकट्याने उभं राहणं बरं दिसेना. नाटक तिथेच संपलं. पण मुलं उठेनात. मेलेल्याने 'कट' म्हटल्याशिवाय हलायचं नाही असं भाऊंनी बजावलेलं, आणि भाऊ चहा प्यायला गेलेले. शेवटी प्रमुख पाहुण्यांनी 'विद्यार्थी हेच देशाचं भवितव्य' हे भाषण त्या प्रेतांच्या मधोमध उभं राहून केलं. एकही मूल हललं नाही. पाहुणे जाताना मला म्हणाले, शिस्त चांगली आहे.

पुढे ते सिनेमे बंद पडले आणि मोबाईलवर बघायच्या मालिका आल्या. भुतं तीच, भाऊही तेच. अशाच एका मालिकेत, उतारवयात, त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती अशी गोष्ट मिळाली: अंत्ययात्रा. तोवर ते मेले की विषय संपायचा. कथेतल्या कुणाला त्यांची आठवणसुद्धा यायची नाही. ह्या वेळी तिरडी होती, रडणाऱ्या बायका होत्या, चंदनाचा हार घातलेला फोटो होता. भाऊ हरखून गेले. त्यांनी कुणाकडून तरी आपल्याच मोबाईलवर ते सगळं शूट करून घेतलं आणि मुंबईच्या पुतण्याला पाठवून दिलं. सोबत एक अक्षर लिहिलं नाही. मग युनिट कुठल्याशा जंगलात गेलं आणि त्यांचा फोन लागेनासा झाला.

पुतण्याने पाहिलं आणि त्याला ते खरंच वाटलं. काकांच्या फोनवरून कुणीतरी भल्या माणसाने कळवलंय, असं लिहून त्याने ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात सगळ्या गावाने श्रद्धांजली वाहिली.

विश्वास ठेवला नाही तो एकट्या वहिनींनी. त्यांनी चष्मा लावून ती तिरडी नीट पाहिली आणि म्हणाल्या, "हे मेलेले नायत. आंगठा बगा." अंगठा खरंच वर होता. पण भाऊंचे थोरले चुलतभाऊ, सगळे त्यांना दादा म्हणतात, ते म्हणाले, "सगल्या बायका सुरवातीला असाच बोलतात."

दादांना घाई होती. शिमगा जवळ आला होता. आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी देवळातून उचलायचा पहिला मान ह्यांच्या भावकीचा. सुतक असलं तर मान खालच्या वाडीकडे जाणार, आणि खालच्या वाडीकडे गेलेली घमेलीसुद्धा परत येत नाहीत, मान कुठून यायला. बातमी कळल्यापासून मोजलं तर दहावं-बारावं उरकून भावकी पालखीच्या जेमतेम आधी मोकळी होत होती. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे वाट बघत बसलं तर सगळाच घोळ. म्हणून भाऊंना ताबडतोब मेलेलं ठरवणं सोयीचं होतं.

दादांची बायको, म्हणजे वहिनींची जाऊ, चारजणी घेऊन बांगड्या फोडायला आली. हे प्रकार बंद करायचा ठराव आमच्या ग्रामपंचायतीने केलेला आहे, तो कपाटात आहे. मी मधे पडले, मला बाजूला सारलं. एका हातातल्या बांगड्या फोडून झाल्या तेव्हा वहिनींनी हिसका देऊन दुसरा हात सोडवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावली. पुढचे सगळे दिवस ती बाई एका हातात हिरव्या बांगड्या आणि एक हात मोकळा अशी म्हशीचं करत फिरत होती. माझा असा संताप झाला होता की मी दादांशी त्यानंतर वर्षभर बोलले नाही, एकदाच काय ते सोडून.

दहावं पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर होतं. पऱ्या माझ्या परसाच्या खालीच वाहतो, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना. ऐनाच्या फांदीवर बसून नुसता मान वाकडी करून बघत होता. भावकीने एकेक कबूल करायला सुरुवात केली. तुझ्या कलमांची राखण करू. तुझा फोटो ओटीवर लावू. पुतण्या म्हणाला, काका, तुमचे सगळे सिनेमे बघू. कावळा आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

एवढ्यात तिठ्यावर एसटी थांबली आणि भाऊ उतरले. घरी जायची वाट पऱ्यावरूनच. सगळी भावकी डोकी भादरून उभी बघून त्यांनी बॅग खाली ठेवली, चपला काढल्या आणि मागे जाऊन उभे राहिले. पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "कोन गेला रं?" तो वळून न बघता म्हणाला, "गप ऱ्हावा. कावला शिवत नाय." भाऊंनी हात जोडले. बराच वेळ गेला. ऊन चढलं. शेवटी त्यांना राहवेना. अशा प्रसंगांत आयुष्य गेलेला माणूस तो. दोन पावलं पुढे होऊन त्यांनी खड्या आवाजात सांगितलं, "बाबा, कोन असशील तो, तुझ्या घरच्यांचा मी बगतो. तू जा सुखानं."

कावळा झपकन खाली आला आणि शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आभार मानायला मागे वळून पाहिलं. पुतण्या जागच्या जागी आडवा झाला. भाऊ म्हणाले, "पडताना डोस्का सांबाल." बाकीचे पाण्यात उतरले. दादा तेवढे उभे होते. ते रागाने म्हणाले, "आता आलाव? आता शिवला."

भटजी बिचारे वयस्कर. त्यांनी चिपळूणच्या मोठ्या गुरुजींना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. गुरुजींनी विचारलं, कावळा शिवला का? शिवला. मग विधी पूर्ण झाला, गृहस्थ गेले. भटजी म्हणाले, पण ते इथे उभे आहेत. गुरुजी म्हणाले, ते असू दे. मग त्यांनी मार्ग सांगितला. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालायचा, पाळण्यात घालून बारसं करायचं, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. त्याशिवाय घरात घ्यायचा नाही. आणि असा माणूस घरात असेल त्या घरी पालखीही चढणार नाही.

भाऊ नाइलाजाने जन्माला आले. मरायची सवय होती, जन्माला यायची नव्हती. त्यांच्या मापाचा पाळणा कुठून आणणार, म्हणून अंगणातल्या आंब्याला गोधडीची झोळी बांधली आणि चौघांनी उचलून त्यांना आत घातलं. भटजी म्हणाले, जरा रडा. भाऊंनी झोळीतून विचारलं, "कशापाय रडतोय मी?" नाव ठेवायला आत्या लागते. त्यांची आत्या आंजर्ल्याला दिलेली, खूप म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसणारी. तिला गाडी करून आणलं. तिने झोळीत हात घालून चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "पोर अंगानं बरा हाय." मग कानात कुर्र करून त्यांना जुनंच नाव ठेवलं. बायकांनी पाळणा म्हटला. सगळे हसत होते. त्या घरात पाळणा कधी हललाच नव्हता, हे मला मधेच आठवलं आणि माझं हसू गेलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याही मनात ते आलं असणार.

उरलं लग्न. संध्याकाळचाच मुहूर्त काढला. दादांच्या धोतराचा अंतरपाट झाला, अक्षता वाटल्या, भाऊ मुंडावळ्या बांधून उभे. वहिनी काही बाहेर येईनात. दादांनी हाक मारली तेव्हा त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. एक हात अजून मोकळाच होता.

"मला कोनी ईचारलाव काय?" त्या म्हणाल्या.

ह्या विधीत तो भाग येतो असं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पयल्या खेपंला पन नव्हतंव ईचारलंव," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

भटजींनी पुन्हा फोन लावला. गुरुजी म्हणाले, कन्या नाही म्हणत असेल तर आपल्याला काही करता येत नाही.

पालखी ठरल्या दिवशी भावकीनेच उचलली. सुतकच नव्हतं, त्यामुळे प्रश्नही नव्हता. पालखी वहिनींच्या घरी आली, त्यांनी ओटी भरली. भाऊ रस्त्यावर उभे राहून लांबून पाया पडले. आणि बॅग घेऊन माझ्याकडे आले. माझ्या बागेत एक मांगर, म्हणजे राखणीचं खोपटं आहे, आंबे उतरवायच्या दिवसांत वापरायचा. तिथे ते राहायला लागले, ते अखेरपर्यंत राहिले.

रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून, ते गडग्यावरून पलीकडे जायचे आणि अंगणात उभे राहून विचारायचे. मी गडग्याच्या अलीकडे अबोलीला पाणी घालत असायची, म्हणजे अबोलीला पाणी तेव्हाच घालायची. पहिल्यांदा त्यांना काही बोलताच येईना. आयुष्यभर त्यांच्या वाट्याला आलेली वाक्यं म्हणजे "कोण आहे तिकडे?" आणि "सोड मला!" ह्यातलं कुठलंही मागणी घालायला चालण्यासारखं नाही. खूप वेळ उभे राहून त्यांनी विचारलं, "म्हस दूध देते काय?" वहिनी म्हणाल्या, "देते." ते परत आले आणि मला म्हणाले, "बाई, आज चांगला झाला."

हळूहळू वहिनी त्यांना ओटीवर बसवायला लागल्या. पाहुण्याला देतात तसा कपबशीतून चहा, ताटलीत लाडू. "काय पावणं, बसा," असं म्हणायच्या. भाऊ विचारायचे, "मंग, काय ठरवलंव?" त्या म्हणायच्या, "बगू." निर्मात्यांच्या दारात भाऊंनी हा शब्द हजारदा ऐकला होता आणि त्याचा अर्थ नाही असा असतो हे त्यांना पाठ होतं. इथे मात्र ते दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. कधीकधी येऊन मला नवीनच काही सांगायचे. एकदा फारच गंभीर होऊन आले. "बाई, तिला दर्याची भीती वाटते. तुमाला म्हायत होता?" मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. नवऱ्यालाच माहीत नव्हतं, कारण तो वर्षातून दोनदा यायचा आणि तेव्हाही गडग्यावर मरून पडायचा.

मुंबईहून एकदा फोन आला. मोठी मालिका होती, जिन्यावर मरायचं होतं. भाऊ फोन कानाला लावूनच वहिनींच्या अंगणात गेले आणि "जाव काय?" म्हणून विचारलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मुंबईला जाताना त्यांनी विचारलं नव्हतं. वहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या. "जावा की," त्या म्हणाल्या, "मी कोन अडवनार? पन येशाल तेवा पयल्यापास्नं ईचारायला लागंल." भाऊंनी थोडा विचार केला आणि फोनवर सांगितलं की घरी लग्नाचं चाललंय, जमायचं नाही. माझ्या हातातली झारी तशीच राहिली. मला इतका आनंद झाला की त्या रागातसुद्धा मी दादांना हाक मारून ते सांगितलं.

भाऊ गेले ते भाद्रपद संपता संपता, सकाळी, वहिनींच्या ओटीवर. चहाला म्हणून लवकर गेले होते. खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आवाज नाही, झटापट नाही, पाय नुसते दोन पाय होते. ज्यांनी जन्मभर जीव तोडून मरण केलं त्यांना खरं मरण अगदीच बेतास बात आलं. ह्या वेळी भावकी शहाणी झाली होती. दादा लांब उभे राहून, "उठा आता, बास झाला," असं कितीतरी वेळ सांगत होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने येऊन लिहून दिलं तेव्हा कुठे दादा खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. अजूनही गडग्यापलीकडे कुणी आडवं दिसलं की मला बरं वाटतं, आणि मग ती म्हैस असते.

भाऊंना नेल्यावर जाऊबाई चारजणी घेऊन आली. वहिनी पायरीवर बसल्या होत्या, दोन्ही हातांत बांगड्या भरलेल्या.

"मला कशाला हात लावताव?" त्या शांतपणे म्हणाल्या. "माजा त्यांच्याशी लगीन झालेला नाय. तुमीच ठरवलंव. ते ईचारत होते, मी बगू बोलत होते."

जाऊबाईने भटजींकडे पाहिलं. भटजींनी ह्या वेळी फोन लावला नाही. त्यांनी नुसती मान हलवली, आणि त्या बायका आल्या तशा निघून गेल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एवढी हुशार बाई माझ्या शेजारी राहते आणि मी तिला आगळ करणारी समजत होते.

सगळे गेल्यावर मी चहा करून आणला. आम्ही दोघी पायरीवर बसलो. वहिनींनी चहा बशीत ओतला.

"काल हो बोलले मी त्यांना," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "ते काय म्हणाले?"

"बोलले, आता घाई काय हाय."